कर्ज फिटले, शिक्का राहिला



आम्ही दोघे भाऊ. या लेखातले ‘आम्ही’ म्हणजे सुरुवातीला आम्ही दोघेच, आणि पुढे आमच्यासारखे अनेक. आमच्या घरातली गोष्ट चारचौघांत सांगावी की नाही, यावर वर्षभर विचार केला. कर्जाची गोष्ट सांगायला आपल्याकडे लाज वाटते. ज्याने बुडवले त्याला वाटत नाही, ज्याने पोटाला चिमटा काढून फेडले त्याला वाटते. याच लाजेचा फायदा व्यवस्था घेते, म्हणून सांगतो आहोत.

जुलै २०२४. पिंपरी-चिंचवडच्या कडेला, मोशीच्या पुढे, एका खोलीचे का होईना स्वतःचे घर घ्यावे म्हणून आम्ही दोघांनी मिळून गृहकर्जासाठी अर्ज केला. दोघांच्या पगाराच्या पावत्या, फॉर्म सोळा, सगळे व्यवस्थित. आठवड्याने बँकेतून फोन आला. समोरचा साहेब म्हणाला, “थोरल्यांचं सिबिल खराब आहे. दोन लाख बारा हजारांची थकबाकी दिसतेय, दावा दाखल आहे असंही दिसतंय. सिस्टिम फाइल घेत नाही.”

आम्ही म्हणालो, “साहेब, ते कर्ज सहा वर्षांपूर्वीच फिटलंय. कोर्टाचा कागद आहे आमच्याकडे.”

साहेब म्हणाला, “असेल. आम्हाला स्क्रीनवर दिसतं तेच खरं.”

या एका वाक्यासाठी हा लेख लिहितो आहोत.

ते कर्ज काय होते?

आमचे गाव परभणी जिल्ह्यातले. अण्णा, म्हणजे आमचे वडील, दुसऱ्याच्या टेम्पोवर ड्रायव्हर होते. २०११ साली त्यांनी स्वतःचा जुना टेम्पो घ्यायचे ठरवले आणि तालुक्याच्या बँकेतून कर्ज काढले. शेती नाही, घर गावठाणातले, उताऱ्यावर अजून आजोबांचे नाव. तारण द्यायला गाडी सोडून काही नव्हते. बँकेने सहकर्जदार मागितला. आमच्यातला थोरला तेव्हा नुकताच एकोणीस वर्षांचा झालेला. त्याने सही केली. सही करताना त्याला एवढेच माहीत होते की अण्णांना टेम्पो मिळणार.

दीड वर्ष हप्ते वेळेवर गेले. मग २०१२-१३ चा दुष्काळ आला. मोंढ्यात मालच येईना तर भाडे कुठून मिळणार? त्यातच अण्णांचा अपघात झाला, पाय मोडला, आठ महिने घरात. हप्ते थांबले. बँकेने टेम्पो ओढून नेला, विकला, आणि उरलेल्या रकमेसाठी दिवाणी दावा लावला. २०१६ मध्ये हुकूमनामा झाला. व्याज, दंडव्याज, कोर्टखर्च धरून आकडा दोन लाख बारा हजार. बँकेने वसुलीची दरखास्त टाकली आणि बेलीफ दारात आला. त्या दिवशी आई दाराआड उभी होती, हे आम्ही विसरलेलो नाही.

२०१८ मध्ये ते प्रकरण राष्ट्रीय लोक अदालतीत आले आणि तडजोड झाली. एक लाख चाळीस हजार, तीन हप्त्यांत. आईची बोरमाळ, थोरल्याचा कंपनीतला ओव्हरटाइम आणि मामांकडून उसने, असे करून डिसेंबर २०१८ मध्ये शेवटचा हप्ता भरला. बँकेने पत्र दिले, दरखास्त निकाली निघाली. अण्णांनी तो निवाडा प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत ठेवला. त्याच पेटीत त्यांच्या धम्मदीक्षेच्या कार्यक्रमाचे फोटो होते. येईल-जाईल त्याला सांगायचे, “आता आपण कुणाचं देणं लागत नाही.” २०२१ मध्ये अण्णा गेले. त्यांना वाटले, पोरांच्या डोक्यावर काही ठेवले नाही.

ठेवले होते. फक्त ते पेटीत नव्हते, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये होते.

हे सिबिल म्हणजे नेमके काय?

आपल्या तरुणांपैकी बहुतेकांना वाटते की सिबिल हे सरकारी खाते आहे. तसे नाही. कर्जमाहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. या कंपन्या आहेत, रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालतात, आणि त्यांच्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे. बँका, पतपुरवठा कंपन्या, मायक्रोफायनान्सवाले आपल्या प्रत्येक कर्जाची माहिती त्यांना पाठवतात. त्यावरून ३०० ते ९०० च्या दरम्यान एक आकडा निघतो. तोच तुमचा स्कोअर.

पण आकड्यापेक्षा महत्त्वाचा असतो तो अहवाल. त्यात प्रत्येक कर्जापुढे लिहिलेले असते: चालू, बंद, सेटल्ड, राइट ऑफ, दावा दाखल. गेल्या ३६ महिन्यांत कोणत्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा गेला, तेही असते. आणि माहिती किती काळ ठेवायची? नियम सांगतो, किमान सात वर्षे. ‘किमान’ हा शब्द नीट वाचा. त्यापुढे पुसलीच पाहिजे, असे तो शब्द म्हणत नाही.

आता आमच्या अहवालात काय होते? हुकूमनाम्याची रक्कम थकीत म्हणून तशीच उभी. ‘दावा दाखल’ हा शेरा तसाच. लोक अदालत झाली, पैसे भरले, दरखास्त निकाली निघाली, यातले एक अक्षरही तिथे पोचलेले नव्हते. दावा लावल्याची बातमी बँकेने तातडीने कळवली. पैसे मिळाल्याची बातमी सहा वर्षे कळवली नाही. यात कुणाचा कट होता असे आम्ही म्हणत नाही. कट नसताना, केवळ बेपर्वाईने, हे होऊ शकते हेच जास्त गंभीर आहे. येणे असेल तेव्हा आठवण असते. फिटल्यावर कुणाला आठवण ठेवायची गरज वाटत नाही.

सतराशे रुपये

आम्ही तक्रार केली. २००५ च्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे अहवालाची प्रत मागण्याचा आणि चूक दुरुस्त करून घेण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि दुरुस्तीला तीस दिवसांची मुदत आहे. कर्जमाहिती कंपनी स्वतःहून काही बदलत नाही, ती बँकेला विचारते. म्हणून आम्ही कंपनीला ऑनलाइन आणि बँकेला लेखी, दोन्हीकडे अर्ज दिला. सोबत लोक अदालतीचा निवाडा, तिन्ही पावत्या आणि बँकेचे पत्र. अण्णांची प्लास्टिकची पिशवी तिथे कामी आली.

बँकेच्या शाखेत पहिल्यांदा सांगितले, “जुना रेकॉर्ड आहे, बघावं लागेल.” दुसऱ्यांदा सांगितले, “ते साहेब बदलून गेले.” शेवटी दुरुस्ती झाली ती ४७ व्या दिवशी. तोवर आम्ही एक गोष्ट वाचून ठेवली होती. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाप्रमाणे, जे एप्रिल २०२४ पासून लागू झाले, तीस दिवसांत तक्रार सोडवली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. सतरा दिवसांचे सतराशे. आम्ही मागितले. शाखेतल्या कुणालाच हा नियम माहीत नव्हता. परिपत्रकाची छापील प्रत जोडून दुसरे पत्र दिले, तेव्हा पैसे खात्यात आले. त्या पैशांतून विहाराच्या वाचनालयात पुस्तके घेतली.

आम्हाला वाटले, जिंकलो.

पण ‘सेटल्ड’ म्हणजे ‘फिटले’ नव्हे

दुरुस्त अहवाल हातात आला. थकबाकी शून्य. ‘दावा दाखल’ गेले. त्या जागी आला नवा शब्द: सेटल्ड.

हा शब्द ऐकायला बरा वाटतो. मिटले, भागले, असा त्याचा अर्थ आपण घेतो. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ असा की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत, कमी देऊन मिटवले. पूर्ण फेडले तर ‘बंद’ असे लिहितात. म्हणजे थकबाकीची चूक पुसली तरी डाग आहेच, फक्त आता तो खरा आहे, म्हणून त्यावर तक्रारही करता येत नाही.

लोक अदालतीत तडजोड करताना न्यायाधीश होते, बँकेचा अधिकारी होता, वकील होता, आम्ही होतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ प्रमाणे लोक अदालतीचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो. तो अंतिम असतो, त्यावर अपील नाही. कायद्याने देणे संपले. पण ‘या तडजोडीची नोंद तुमच्या अहवालात अमुक शब्दांत होईल आणि ती अनेक वर्षे तुम्हाला नडेल’ हे त्या टेबलावर कुणीही सांगितले नाही. सांगितले असते तर कदाचित आणखी वर्षभर मुदत मागून पूर्ण रक्कम दिली असती. कदाचित नसती जमली. पण निवड आमची असती.

आता आमच्यात भांडण लागले. हुकूमनामा आणि तडजोड यांतला फरक ७२ हजारांचा. धाकटा म्हणाला, “ते भरून टाकू. बँकेकडून ‘बंद’ अशी नोंद लेखी मागून घेऊ आणि मोकळे होऊ.” थोरला म्हणाला, “कोर्टासमोर जे मिटलं ते मिटलं. जे देणं नाही ते का द्यायचं? अण्णा म्हणायचे, आपण कुणाचं देणं लागत नाही. आता आपणच म्हणायचं का, की लागत होतो?” आईने दोघांचे ऐकून घेतले आणि म्हणाली, “तुमच्या अण्णाला त्यात नका ओढू. तुम्हाला काय परवडतं ते बघा.”

आम्ही भरले नाहीत. पुढच्या वर्षी दुसऱ्या एका बँकेने कर्ज दिले, पण ‘जुना इतिहास’ म्हणून अर्धा टक्का जास्त व्याजाने. वीस लाख, वीस वर्षे, नऊऐवजी साडेनऊ टक्के. महिन्याला साधारण ६४८ रुपये जास्त. दर बदलला नाही तर वीस वर्षांत एक लाख पंचावन्न हजारांच्या वर. म्हणजे लोक अदालतीत जेवढे भरले त्यापेक्षा जास्त, आणि न भरलेल्या ७२ हजारांच्या दुपटीहून जास्त. ते ७२ हजार भरले असते तर व्याज कमी झालेच असते, याची हमी कुणीच देत नव्हते. तरी हिशेबाने धाकटा बरोबर ठरला, हे थोरला आता मान्य करतो. तत्त्वाने कोण बरोबर, यावर आमचे अजून एकमत नाही.

एवढे मात्र दोघांनाही कळले. अण्णांचे कर्ज आम्ही दुसऱ्यांदा फेडतो आहोत.

नोंद राहते, कारण राहत नाही

काही जण विचारतील, यात जात कुठे आली? कॉम्प्युटरला जात कळत नाही, हप्ता चुकवला की स्कोअर पडतो, मग तो कुणाचाही असो. आणि बँकेतला पैसा ठेवीदारांचा आहे, त्यात आपल्याही लोकांच्या ठेवी आहेत. जो फेडत नाही त्याला सावधपणे द्यावे, यात चूक काय?

हा प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. कर्ज बुडवावे असे आम्ही म्हणत नाही. फेडलेच पाहिजे. कर्जाची माहिती ठेवण्याला आमचा विरोध नाही. उलट, तारण नसलेल्या माणसाने दहा वर्षे हप्ते वेळेवर भरले तर तोच इतिहास त्याचे तारण होतो. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा ते शंभर पटीने बरे. आमचा मुद्दा वेगळा आहे.

१९१३ साली बाबासाहेब बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला गेले. शिकून आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, असा करार त्यांनी लिहून दिला होता. तो पाळण्यासाठी ते १९१७ मध्ये बडोद्याला गेले. राहायला जागा कुणी देईना. शेवटी पारशी धर्मशाळेत उतरले, तर अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. नोकरी सोडून परत यावे लागले. हा सगळा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आता विचार करा, अशा कराराची नोंद आजच्या पद्धतीने झाली असती तर काय लिहिले असते? ‘करार मोडला.’ बस. काठ्या घेतलेला जमाव कोणत्या रकान्यात लिहिणार?

अहवालात उशिराचे दिवस असतात. दुष्काळ नसतो, मोडलेला पाय नसतो, कारण काहीही असले तरी. ज्याच्या घरात दोन एकर जमीन आहे, शहरात फ्लॅट आहे, नोकरीवाला काका आहे, त्याचाही पाय मोडतो. पण त्याचा हप्ता चुकत नाही, कारण कुणीतरी भरतो. मागच्या पिढ्यांनी साठवलेले त्याच्या कामी येते. आपल्याकडे मागच्या पिढ्यांनी साठवायला त्यांना काही मिळालेच नाही. म्हणून तोच अपघात त्याच्या अहवालात दिसत नाही आणि आमच्या अहवालात दिसतो. जात रकान्यात लिहिलेली नसते. ती कोरड्या पडलेल्या बचतीत असते.

आपल्यासारखेच दुसरीकडे

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांना पत्र लिहिले होते, पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले तेही अमेरिकेतल्या काळ्या बांधवांच्या लढ्यावरून. म्हणून या प्रश्नातही तिकडे पाहणे उगीच नाही. अमेरिकेत २०१७ पर्यंत कोर्टाचे हुकूमनामेच थेट कर्ज अहवालात लिहिले जात आणि सात वर्षे राहत. पैसे भरले तरी नोंद जात नसे, फक्त ‘भरले’ असा शेरा येई. २०१५ मध्ये प्रोपब्लिका या शोधपत्रकारितेच्या संस्थेने सेंट लुइस, शिकागो आणि नेवार्क या शहरांतले असे निकाल तपासले. उत्पन्नातला फरक लक्षात घेऊनसुद्धा काळ्या वस्त्यांमध्ये निकालांचे प्रमाण गोऱ्या वस्त्यांच्या दुप्पट निघाले. कारण तेच. पगार सारखा असला तरी मागे साठवण नाही.

पुढे अनेक राज्यांच्या महाधिवक्त्यांनी कर्जमाहिती कंपन्यांवर दबाव आणला. नाव, पत्ता आणि जन्मतारीख किंवा ओळख क्रमांक नीट जुळल्याशिवाय नोंद घ्यायची नाही, असे ठरले. जुलै २०१७ मध्ये तिन्ही मोठ्या कंपन्यांनी दिवाणी हुकूमनामे अहवालातून काढून टाकले. त्याने तिथला भेदभाव संपला असे नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. अहवालात काय लिहायचे आणि काय नाही हे माणसेच ठरवतात, आणि दबाव आला की बदलतात.

आपल्याकडेही असे झालेले आहे. १८७५ मध्ये सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. ती का जाळली? कारण फेडलेले कर्ज खतावर फिटलेले दिसत नव्हते, आणि वाचता न येणाऱ्याचा अंगठा कशावर घेतला हे त्यालाच माहीत नसे. कोर्ट मात्र खत हेच खरे मानत असे. महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये हीच लूट उघडी केली. त्या उठावानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. कोर्टाने खतावर न थांबता मूळ व्यवहार तपासावा, सावकाराने पैसे मिळाल्याची लेखी पावती द्यावी, हिशेब द्यावा, असे त्यात होते. आज जाळायला खत नाही, आणि जाळायचेही नाही. पण मागणी तीच आहे. पैसे घेतलेत, तर घेतल्याचे लिहा.

आता पाणी नोकरीपर्यंत आले आहे

ज्यांना वाटते की आपल्याला कुठे कर्ज काढायचे आहे, त्यांनी हे वाचावे. सरकारी बँकांच्या भरतीत आता उमेदवाराचा कर्ज इतिहास पाहतात. स्टेट बँकेने एका उमेदवाराची निवड याच कारणाने रद्द केली. तो कोर्टात गेला. त्याचे म्हणणे होते, जाहिरात निघाली तेव्हा माझी सगळी कर्जे फिटलेली होती. जून २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने बँकेच्या बाजूने निकाल दिला. फेडले की नाही हा प्रश्न नाही, पूर्वी चुकवल्याचा इतिहास नसावा अशी अट होती, असे न्यायालयाने मानले.

दुसरीकडे, २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटले की विद्यार्थ्याचा स्कोअर कमी आहे म्हणून शैक्षणिक कर्ज नाकारू नये. म्हणजे न्यायालयांतही वाद चालू आहे, रस्ता बंद नाही. पण आपल्या ज्या पोरांनी शिक्षणासाठी कर्ज काढले, नोकरी लागेपर्यंत हप्ते थकले आणि नोकरी लागल्यावर पै न पै फेडली, त्यांनाच उद्या आरक्षित जागेच्या दारातून परत पाठवले जाईल. गरिबीमुळे कर्ज, कर्जामुळे डाग, डागामुळे नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून पुन्हा गरिबी. या चक्राविरुद्ध आपल्या संघटनांनी अजून एकही निवेदन दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

आणि मोठ्यांचे काय? जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने तडजोडीचे नियम काढले. जाणूनबुजून कर्ज बुडवणाऱ्यांशीही बँका तडजोड करू शकतील, असे त्यात होते. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी तेव्हा विरोधही केला. त्याच परिपत्रकात आपल्या कामाचे एक वाक्य आहे: शेतीकर्ज सोडून इतर कर्जात तडजोड केलेल्याला नवे कर्ज देण्याआधी किमान बारा महिने थांबावे. बँक जास्त काळही ठरवू शकते, पण कायमची बंदी घाला असे कुठेच म्हटलेले नाही. कंपनीचा वकील हे वाक्य बँकेसमोर ठेवतो. आपल्या वस्तीतला माणूस ‘सिस्टिम घेत नाही’ ऐकून पायऱ्या उतरतो. नियम दोघांना एकच आहे, पण तो माहीत एकालाच आहे.

दर रविवारी विहारात

या अनुभवानंतर आम्ही आमच्या विहारात रविवारी वंदनेनंतर तासभर बसतो. चार-पाच पोरे जमलो आहोत. लोक आपले अहवाल आणतात, आम्ही मिळून वाचतो. तिथे शिकलेले थोडक्यात सांगतो.

चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो काढा, कर्ज असो वा नसो. जामीनदार किंवा सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर तेही त्यात दिसते. आपल्यात अनेक कुटुंबांनी आडनावे बदलली आहेत, म्हणून आधी नाव, जन्मतारीख, पॅन नीट पाहा. आमच्याकडे आलेल्या एकाच्या अहवालात दुसऱ्याच माणसाची मोटरसायकल होती.

चूक असेल तर कंपनी आणि बँक दोघांकडे लेखी तक्रार करा, तारीख आणि पोच ठेवा. तीस दिवसांनंतर दिवसाला शंभर रुपये मागा. तरी दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही, आणि सप्टेंबर २०२२ पासून कर्जमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत. जानेवारी २०२५ पासून बँकांनी माहिती निदान दर पंधरा दिवसांनी कळवायची आहे, तेव्हा ‘सिस्टिमला वेळ लागतो’ हे कारण ऐकून घेऊ नका.

लोक अदालतीत बसण्याआधी विचारा: ही नोंद ‘सेटल्ड’ होणार की ‘बंद’? दंडव्याज सोडून मुद्दल आणि व्याज पूर्ण देत असाल तर ‘बंद’ लिहिण्याचा आग्रह धरा. आणि पैसे मिळाल्यावर अमुक दिवसांत अहवाल दुरुस्त करू, हे वाक्य तडजोडीच्या मसुद्यातच घालून घ्या. नंतर कुणी विचारत नाही.

जुन्या कर्जाबद्दल एक सावधानता. परवा एक मावशी आली. बचत गटाच्या काळातले कर्ज, पाच वर्षे झालेली, आणि आता वसुलीवाला फोनवर म्हणतो, “मावशी, नुसते पाचशे भरा, आणि एका कागदावर सही करा, सिबिल साफ होईल.” मित्रहो, इथे दोन वेगळी घड्याळे आहेत. एक कोर्टाचे. साध्या विनातारण कर्जासाठी दावा लावायची मुदत साधारण तीन वर्षे. ती संपण्याआधी थोडे पैसे भरले किंवा लेखी कबुली दिली तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. मुदत संपल्यावरही ‘मी देईन’ असे लेखी वचन सही करून दिले तर तो नवा करार होतो. हुकूमनामा झाला असेल तर त्याची बजावणी बारा वर्षे करता येते. दुसरे घड्याळ अहवालाचे. ते कोर्टाच्या घड्याळावर चालत नाही. मुदत संपली म्हणून नोंद जात नाही, आणि पाचशे भरले म्हणून साफही होत नाही. द्यायचेच असेल, आणि देणे खरे असेल तर द्यावेच, तर आधी पूर्ण हिशेब लेखी मागा, खात्यावर भरा, पावती घ्या, ना-देय दाखला घ्या. फोनवर सांगितलेल्या कशावरही सही करू नका. मावशीने सही केलेली नव्हती. हिशेबाचे पत्र मागवले आहे, अजून आलेले नाही.

मागायचे काय?

आम्हाला माफी नको. तीन गोष्टी हव्यात. कोर्टात किंवा लोक अदालतीत मिटलेल्या प्रकरणाची नोंद बँकेने ठरलेल्या दिवसांत आपणहून दुरुस्त करावी, कर्जदाराने मागे लागायची वेळ येऊ नये. देणे संपल्यावर ठरावीक वर्षांनी जुनी नोंद पुसली जाईल, असे ‘किमान’ऐवजी ‘कमाल’ शब्दात लिहावे. आणि सरकारी नोकरीसाठी, जे कर्ज फिटले आहे ते अपात्रतेचे कारण धरू नये. या मागण्यांचा मसुदा आम्ही तयार करतो आहोत. विद्यार्थी संघटनांनी, बँकांतल्या आपल्या कर्मचारी बांधवांनी, वकील मित्रांनी त्यात भर घालावी.

आणि तोवर आपण स्वतः एक करू या. घरातल्या थोरल्यांची कर्जे, जामीनक्या, सह्या यांबद्दल घरात बोलू या. अण्णांनी आमच्याशी बोलले असते तर पेटीतला कागद २०१८ मध्येच कंपनीकडे पोचला असता. ते बोलले नाहीत, कारण त्यांना वाटले कोर्टाचा कागद म्हणजे शेवट. कोर्टावर त्यांचा विश्वास होता. तो विश्वास चुकीचा नव्हता. कोर्टाने शेवट केला, पुढच्यांनी तो लिहून घेतला नाही.

तो निवाडा आता पेटीत नाही. त्याच्या झेरॉक्स प्रती विहारातल्या फाइलमध्ये लावल्या आहेत, अर्जासोबत काय काय जोडायचे ते लोकांना दाखवायला. नाव आणि पत्ता झाकला आहे. येत्या रविवारी आपला अहवाल घेऊन या.

जय भीम! जय संविधान!